फ्रॉइडची पांढरी पूड

परीक्षांचे दिवस आले की औषधांच्या दुकानांत बुद्धिवर्धक बाटल्या पुढच्या फळीवर येतात. त्या पाहिल्या की मला हटकून सिग्मंड फ्रॉइड आठवतो. मनोविश्लेषणाचा जनक म्हणून आपण ओळखतो तो दाढीवाला वृद्ध नव्हे, तर व्हिएन्नाचा अठ्ठावीस वर्षांचा कफल्लक डॉक्टर.

१८५६ साली मोराव्हियातल्या फ्रायबर्ग गावी, लोकरीच्या व्यापाऱ्याच्या घरी तो जन्मला. १८८१ मध्ये डॉक्टर झाला. पुढच्या वर्षी मार्था बर्नाइसशी लग्न ठरलं, पण संसार मांडण्याइतकी मिळकत नव्हती. झटपट नाव मिळवून देईल असं काहीतरी त्याला हवं होतं. अशात एक लेख वाचनात आला. एका जर्मन लष्करी डॉक्टरनं थकल्याभागल्या सैनिकांना कोकेन देऊन तरतरीत केलं होतं. कोकेनवर तेव्हा बंदी नव्हती. १८८४ मध्ये फ्रॉइडनं मर्क कंपनीकडून ते मागवलं आणि ग्रॅमचा विसावा भाग स्वतः घेऊन पाहिला. मरगळ पळाली, मन प्रसन्न झालं. जुलैत त्याचा कोकाची तारीफ करणारा लेख छापूनही आला! मार्थालाही थोडं कोकेन रवाना झालं.

पुढच्या वर्षी त्यानं मोजमाप केलं. कोकेन घेतल्यावर हाताची पकड किती वाढते, इशाऱ्याला प्रतिसाद किती लवकर मिळतो. प्रयोग कुणावर, तर स्वतःवरच. आकडे सुधारले. पण औषध थेट स्नायूंवर काम करत नसावं, एकूणच बरं वाटू लागतं म्हणून ताकद वाढते, असा त्याचाच निष्कर्ष होता. मला या साऱ्या कहाणीत हीच नोंद मोलाची वाटते. बुद्धी वाढली की वाढल्यासारखी वाटली, हे पूड घेणाऱ्यानंच कसं ठरवायचं?

किंमत मोजली ती एर्न्स्ट फ्लाइश्लनं. हा फ्रॉइडचा बुद्धिमान, देखणा मित्र. शवविच्छेदन करताना जखम होऊन त्याचा अंगठा कापावा लागला होता. वेदनेनं झोप नाही, म्हणून रात्र रात्र जागून तो गणित, पुढे तर संस्कृतही शिकत बसे. मॉर्फिनचं व्यसन जडलं होतं. ते सुटावं म्हणून फ्रॉइडनं कोकेन सुचवलं. वर्षभरात फ्लाइश्ल ते भरमसाट घेऊ लागला. अंगावर साप सरपटताहेत असे भास त्याला होऊ लागले. फ्रॉइड त्याच्या उशाशी रात्री काढत होता. १८९१ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, फ्लाइश्ल गेला.

दरम्यान, कोकेननं डोळा बधिर होतो हे कार्ल कोलरनं दाखवून दिलं. कीर्ती त्याला मिळाली.

टीका सुरू झाल्यावर १८८७ मध्ये फ्रॉइडनं दोष टोचून घेण्याच्या पद्धतीवर ढकलला. दोनच वर्षांपूर्वी ती पद्धत त्यानंच सुचवली होती. एवढ्या मोठ्या माणसाचं हे वागणं मला खटकतं. स्वतः मात्र तो पुढेही काही वर्षं कोकेन घेत होता. मित्राचा मृत्यू त्याच्या स्वप्नांत येत राहिला, हे त्याच्याच ग्रंथात आहे.

१९२३ मध्ये त्याला तोंडाचा कर्करोग झाला. तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. १९३८ मध्ये नाझींमुळे व्हिएन्ना सोडावं लागलं. पण गुंगी आणणारी औषधं तो नाकारत राहिला. विचार करता यायला हवा, हा त्याचा हट्ट होता. फार तर ॲस्पिरिन. लंडनमध्ये सप्टेंबर १९३९ मध्ये, आता सोसवत नाही असं वाटलं, तेव्हाच त्यानं आपल्या डॉक्टरांकडे मॉर्फिन मागितलं.