पहिला कॅमेरा फिरवणारे सावे दादा

मित्रांनो, सिनेमा म्हटला की आपल्याला दादासाहेब फाळके आठवतात. १९१३ साली त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांनी पाहिला. पण त्याच्या चौदा वर्षे आधी आपल्या मुंबईत एका मराठी माणसाने हालत्या चित्रांचा कॅमेरा फिरवला होता. त्यांचे नाव हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. सगळे त्यांना सावे दादा म्हणत.

सावे दादांचा जन्म १५ मार्च १८६८ रोजी झाला. मुंबईत त्यांचा फोटो काढण्याचा स्टुडिओ होता. तेव्हाचे फोटो म्हणजे माणसांनी ताठ बसायचे आणि जरासुद्धा हलायचे नाही.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या हालत्या चित्रांचा खेळ झाला. तिकीट एक रुपया. पडद्यावर आगगाडी येताना दिसायची, माणसे चालायची. त्या दिवसांत हे खेळ पाहणाऱ्यांत सावे दादाही होते. बाकीचे लोक चकित होऊन घरी गेले. सावे दादांच्या मनात मात्र आले, की हे आपणही करायचे!

त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. आपल्या पैशात तेव्हाचे सव्वातीनशे रुपयांहून जास्त झाले. त्या काळी एवढ्या पैशात एखाद्या कुटुंबाचे वर्षभर भागले असते!

१८९९ साली त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती ठेवली. पैलवान होते पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी. आता तुम्ही म्हणाल, कुस्तीचे चित्र काढले त्यात काय मोठे? तर ऐका. तेव्हाचा कॅमेरा विजेवर चालत नव्हता. त्याचा दांडा हाताने फिरवावा लागे. सेकंदाला साधारण सोळा चित्रे उतरायची. हात जोरात फिरला, तर पडद्यावर पैलवान अगदी सावकाश हलणार. हात रेंगाळला, तर तेच पैलवान तुरुतुरु पळणार. म्हणून हात एकसारखा फिरायला हवा. भरपूर उजेड हवा, म्हणून काम उघड्यावरच. आणि फीतही थोडीच, म्हणजे सगळा खेळ एखाद-दोन मिनिटांत आटपायचा.

पुढची अडचण आणखी मोठी. ही फीत धुण्याची सोय तेव्हा इथे नव्हती. ती बोटीने लंडनला पाठवावी लागली. चित्र उठले की फसले, हे कळायला कितीतरी आठवडे वाट पाहायची. सावे दादा त्या काळात रिकामे बसले नाहीत. त्यांनी पडद्यावर चित्रे दाखवण्याचे यंत्र घेतले आणि मोकळ्या जागेत लोकांना विलायती चित्रे दाखवली.

कुस्तीनंतर त्यांनी माकडांना खेळ शिकवणाऱ्या मदाऱ्याचे चित्रण केले. म्हणजे बघा, हातात विलायती कॅमेरा, पण त्यापुढे कोण? आपलेच पैलवान आणि आपलाच मदारी!

डिसेंबर १९०१ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे इंग्लंडहून परत आले. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा हा मुलगा केंब्रिजला गणिताच्या परीक्षेत पहिला आला होता. तो मान मिळवणारे ते पहिलेच भारतीय. मुंबईत त्यांचे मोठे स्वागत झाले आणि सावे दादांनी ते कॅमेऱ्यात टिपले. ती आपल्या देशातली पहिली बातमीची फिल्म मानतात. खेड्यातल्या एका मुलाचा सन्मान पडद्यावर आला, ही गोष्ट आम्हाला फार आवडली. १९०३ मध्ये त्यांनी लॉर्ड कर्झनच्या दरबाराचेही चित्रण केले.

पुढे त्यांनी कॅमेरा विकला. तो करंदीकर, पाटणकर, दिवेकर या मंडळींनी घेतला, म्हणजे काम थांबले नाही. स्वतः सावे दादा गेइटी थिएटरचा कारभार बघू लागले. त्याच थिएटरचे नाव पुढे कॅपिटॉल झाले. कल्याणहून लोकलने सीएसएमटीला उतरलात, की स्टेशनासमोरच ती जुनी इमारत आहे. मुंबईच्या सहलीला गेलात तर हँगिंग गार्डनही बघाल. झोपाळे-फुले बघताना त्या कुस्तीची आठवण ठेवा.

२० फेब्रुवारी १९५८ रोजी सावे दादा वारले. नव्वदी पुरी व्हायला महिनाही उरला नव्हता. बिनआवाजाच्या दोन मिनिटांच्या चित्रापासून रंगीत बोलपटापर्यंत सगळे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

पण एक गोष्ट मनाला लागते. त्यांनी काढलेली एकही फीत आज आपल्याला बघायला मिळत नाही. त्या वेळच्या फिती चटकन पेट घेत आणि ठेवल्या ठेवल्या खराबही होत. कुस्ती झाली, चित्र निघाले, लोकांनी पाहिले, पण आता उरली फक्त नावे.

म्हणून मित्रांनो आणि आलेल्या पालकांनो, एक विनंती. घरातल्या पेटीत आजी-आजोबांचे जुने फोटो असतील, तर ते ओल लागणार नाही असे ठेवा. फोटोच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव आणि साल लिहा. आज सांगणारी माणसे आहेत, तोवर विचारून घ्या. चित्र काढणे हे मोठे काम, तसे ते जपणे हेही मोठेच काम.

सावे दादांना आमच्या वर्गाचा नमस्कार!

— इयत्ता सातवी