भ्रूण तयार, पण अस्तराचं काय? डॉ. सुभाष मुखर्जींची गोष्ट

बोरिवलीच्या क्लिनिकमध्ये सांगितलं, भ्रूण आत्ता गोठवू, पुढच्या पाळीत गर्भाशयात सोडू. मी वैतागलो. मग मोबाइलवर डॉ. सुभाष मुखर्जी सापडले.

1931 साली हजारीबागला जन्मलेल्या या माणसाने कोलकात्यात नेमकं हेच केलं होतं. बीजांडं वाढवायच्या इंजेक्शनांनी हार्मोन्स चढतात, अस्तराचं वेळापत्रक बिघडतं आणि भ्रूण रुजायला अडचण येते. म्हणून त्यांनी भ्रूण 53 दिवस गोठवला, नंतरच्या साध्या पाळीत सोडला. 3 ऑक्टोबर 1978 ला दुर्गा जन्मली.

सरकारी समितीने दावा फेटाळला. पुढे बदली झाली ती चक्क डोळ्यांच्या संस्थेत! 1981 मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं.

1986 मध्ये मुंबईत केईएमला जन्मलेलं बाळ 'पहिलं' ठरलं. पण त्याच कामातल्या डॉ. आनंद कुमार यांनी मुखर्जींची टिपणं वाचली आणि 1997 मध्ये तो मान मुखर्जींना दिला.

आमची तारीख सोमवारची आहे.