पॉल प्वारे : ज्यांचे कपडे किलोने विकले गेले आणि नंतर संग्रहालयांनी विकत घेतले

निवडक जुने कपडे विकणाऱ्या एखाद्या व्हिंटेज बुटिकमध्ये तुम्ही कधी गेला आहात का? तिथे कपडे रचून ठेवलेले नसतात. मोजकेच असतात आणि प्रत्येकाला स्वतःचा हँगर असतो. जाणकार गिऱ्हाईक आधी कपडा उलटा करून शिवण बघतं, मग मानेजवळची लेबलची पट्टी शोधतं आणि शेवटी किंमत विचारतं. किंमत ऐकून पहिल्यांदा जाणारा माणूस चक्रावतो. जुन्या कपड्याला एवढे पैसे कशाला?

आपल्याकडे जुने कपडे बोहारणीला देऊन स्टीलचं भांडं घेण्याची पद्धत होती. जरीच्या साड्या तर वजनावर जात, जरीतली चांदी काढण्यासाठी. मग कोणता कपडा चिंधी आणि कोणता ठेवा, हे ठरवतं कोण? पॉल प्वारे या फ्रेंच पोशाखकाराचं आयुष्य पाहिलं तर या प्रश्नाचं उत्तर सापडतं.

छत्रीच्या दुकानातली सुरुवात

प्वारे यांचा जन्म 1879 साली पॅरिसमध्ये झाला. घर ले आल या गजबजलेल्या बाजारपेठेच्या भागात होतं. वडील कापडाचे व्यापारी. मुलाला शिस्त लागावी म्हणून त्यांनी त्याला एका छत्री बनवणाऱ्याकडे कामाला ठेवलं. छत्र्यांसाठी रेशीम कापताना जे तुकडे उरत, ते पॉल घरी आणायचा आणि बहिणींनी दिलेल्या लहानशा लाकडी बाहुलीवर गुंडाळून पोशाख तयार करायचा. पुढे आयुष्यभर त्यांची कामाची पद्धत हीच राहिली : कागदावर मापं मांडत बसण्यापेक्षा कापड थेट अंगावर सोडून बघायचं.

1898 मध्ये त्यांची काही रेखाटनं मादाम शेरुई यांनी विकत घेतली. त्याच सुमारास झाक दूसे या नावाजलेल्या पोशाखकारांनी त्यांना नोकरी दिली. तिथे त्यांनी आखलेली लाल कापडाची एक केप इतकी चालली की तिच्या 400 प्रती विकल्या गेल्या.

1901 मध्ये ते वर्थ यांच्या पेढीत गेले. राण्या आणि सरदारणींचे दरबारी पोशाख शिवणारी ही पेढी होती. प्वारे यांच्याकडे साध्या, रोजच्या वापराच्या कपड्यांचं काम आलं. मोठ्या हॉटेलात उंची पदार्थ मिळतात, पण तळलेले बटाटेही ठेवावे लागतात, अशी या कामाची तुलना खुद्द मालकांनीच केली होती. प्वारे यांनी किमोनोसारखा सैल कोट करून दाखवला, तेव्हा तो पाहून एक रशियन राजकन्या भडकली. 1903 मध्ये त्यांनी स्वतःचं दुकान थाटलं.

कॉर्सेट का गेला?

त्या काळी युरोपातल्या बायका कॉर्सेट घालत. पोटाभोवती आवळून बांधायची ही ताठ चोळी असे. छाती पुढे, पाठ आत आणि कंबर मुठीएवढी दिसावी, हा त्यामागचा हेतू. प्वारे यांनी 1906 च्या सुमारास कपड्याचा सगळा भार कमरेवरून काढून खांद्यावर टाकला. कापड खांद्यावरून सरळ खाली पडायचं. कमरेची रेषा वर सरकली आणि कॉर्सेटची गरज उरली नाही.

हे काम त्यांनी एकट्याने केलं असं म्हणणं बरोबर होणार नाही. माद्लेन व्हिओने यांच्यासारखे इतर पोशाखकारही त्याच दिशेने जात होते. पण प्वारे यांनी ही कल्पना सर्वात मोठ्या आवाजात मांडली. त्यासाठी त्यांना पत्नी देनीझ यांची मोठी साथ होती. 1905 मध्ये त्यांचं लग्न झालं. देनीझ अंगाने सडपातळ होत्या, कॉर्सेट घालत नसत आणि नवऱ्याने शिवलेला प्रत्येक नवा प्रकार सर्वात आधी त्यांच्या अंगावर चढे.

विशेष म्हणजे याच प्वारे यांनी 1910 च्या सुमारास घोट्यापाशी इतका अरुंद घागरा लोकप्रिय केला की बायकांना धड पाऊल टाकता येईना. कंबर सुटली आणि पाय अडकले!

पगड्या, मेजवान्या आणि अत्तर

प्वारे यांना पूर्वेकडच्या कपड्यांचं वेड होतं. लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन इथल्या संग्रहालयात त्यांनी भारतीय पगड्या पाहिल्या आणि त्यांचे नमुने उतरवून घेण्यासाठी पॅरिसहून आपल्या शिवणकामाच्या प्रमुख बाईंना बोलावून घेतलं. थोड्याच दिवसांत पॅरिसच्या बायका पगड्या घालून मिरवू लागल्या. मूळ पगड्या बांधणाऱ्या कारागिरांचं नाव मात्र कुठेच आलं नाही. त्यांचा पूर्व हा बराचसा कल्पनेतला होता, ही टीका आज होते आणि ती रास्त आहे.

24 जून 1911 च्या रात्री त्यांनी अरबी कथांवर बेतलेली मेजवानी दिली. सुमारे 300 पाहुणे आले, सगळे पौर्वात्य वेशात. देनीझ सोनेरी पिंजऱ्यात बसल्या होत्या. ती मेजवानी आणि ते कपडे, दोन्हींची चर्चा पॅरिसभर झाली.

त्याच वर्षी त्यांनी मोठी मुलगी रोझीन हिच्या नावाने अत्तरं काढली. पोशाखकाराने स्वतःचं अत्तर विकण्याची प्रथा इथून रुळली. शनेल यांचं प्रसिद्ध अत्तर दहा वर्षांनी, 1921 मध्ये आलं. दुसरी मुलगी मार्तीन हिच्या नावाने त्यांनी गरीब घरच्या मुलींसाठी कलाशाळा उघडली. मुली पानाफुलांची मनमोकळी चित्रं काढायच्या आणि त्यांचे गालिचे आणि कापडं बनायची.

नकली लेबलं

1913 मध्ये प्वारे अमेरिकेत गेले, तेव्हा दुकानांत त्यांच्या नावाचे असे कपडे दिसले, जे त्यांनी कधी शिवलेच नव्हते. लेबलंही खोटी होती. परतल्यावर त्यांनी फ्रेंच पोशाखकारांची संघटना उभी करून नकलेविरुद्ध लढा दिला. व्हिंटेज दुकानात आजही लेबल इतकं तपासून का पाहतात, याचं कारण तुमच्या लक्षात आलं असेल. लेबल ओवून बसवणं सोपं असतं, शिवण खोटी करणं अवघड असतं.

उतरती कळा

1914 मध्ये महायुद्ध सुरू झालं. प्वारे सैन्यात गेले आणि गणवेशांच्या शिवणकामात लागले. ते परतले तेव्हा जग बदललं होतं. बायका कामाला जात होत्या, त्यांना साधे, सुटसुटीत कपडे हवे होते आणि ते शनेल देत होत्या. प्वारे मात्र जरी, पिसं आणि भरतकाम सोडायला तयार नव्हते.

1925 च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी सेन नदीवर तीन सजवलेल्या बोटी उभ्या केल्या. बोटींचा खर्च त्यांच्याच अंगावर आला. कर्ज वाढलं, चित्रांचा संग्रह लिलावात गेला. 1928 मध्ये देनीझ यांच्यापासून घटस्फोट झाला. 1929 मध्ये पेढी बंद पडली आणि उरलेले कपडे चिंध्यांच्या भावाने, किलोवर विकले गेले.

त्यानंतर त्यांनी आठवणी लिहिल्या, चित्रं काढली, मिळेल ते काम केलं. एप्रिल 1944 मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, ते जवळजवळ विस्मरणात गेलेले असताना वारले.

पेट्या उघडल्या तेव्हा

मग त्यांचे कपडे आज कुठे आहेत? बरेचसे देनीझ यांच्यामुळे वाचले. घटस्फोटानंतरही त्यांनी आपले पोशाख टाकले नाहीत. ते कुटुंबात जपले गेले आणि 2005 मध्ये पॅरिसला लिलावात आले. संग्रहालयं आणि संग्राहक यांच्यात चुरस लागली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यातले बरेच घेतले आणि 2007 मध्ये प्वारे यांच्यावर मोठं प्रदर्शन भरवलं.

कपडे हातात आल्यावर अभ्यासकांना एक गोष्ट नीट दिसली. झगमगाटाखाली शिवण अगदी साधी होती. सरळ रेषेत कापलेले आयताकृती तुकडे, मोजकेच जोड आणि बाकी सगळं कापडाच्या पडण्यावर सोडलेलं. न कापता नेसायच्या साडीची सवय असलेल्या आपल्याला यात नवल वाटणार नाही, पण युरोपच्या शिंपीकामात ते वेगळं होतं. छायाचित्रांत फक्त जरी आणि पिसं दिसायची. ही युक्ती कळायला कपडा उलटा करून बघावा लागला.

1929 मध्ये किलोवर गेलेल्या ढिगातही असेच कपडे होते. कापड तेच, हातही तेच. फरक इतकाच की ते जपून ठेवणारं कुणी नव्हतं. तेव्हा पुढच्या वेळी आजीची पेटी आवरायला काढाल, तेव्हा वजन करण्याआधी शिवण एकदा बघून घ्या.