विश्लेषण : युडिथ लायस्टर यांची चित्रे सव्वादोनशे वर्षे पुरुषांच्या नावावर कशी राहिली?

नेदरलँड्समधील युडिथ लायस्टर हयातीत नावाजलेल्या चित्रकार होत्या. मृत्यूनंतर मात्र त्यांची चित्रे फ्रान्स हाल्स आणि इतर पुरुष चित्रकारांची म्हणून ओळखली गेली. असे का झाले?

कोण होत्या लायस्टर?
त्यांचा जन्म १६०९ मध्ये हार्लेम शहरात झाला. त्या काळातील बहुतेक चित्रकार स्त्रिया वडिलांकडून कला शिकत. लायस्टर यांचे वडील मात्र बिअर बनवण्याच्या व्यवसायात होते. आडनावाचा अर्थ ध्रुवतारा, म्हणून त्या नावाची आद्याक्षरे आणि त्यापुढे तारा अशी सही करीत. १६३३ मध्ये त्यांना हार्लेमच्या चित्रकार संघाचे सदस्यत्व मिळाले. असा मान तेव्हा मोजक्याच स्त्रियांना मिळाला. सदस्यत्वामुळे स्वतःची चित्रशाळा चालवता येई, शिष्य ठेवता येत. एक शिष्य त्यांना सोडून हाल्स यांच्याकडे गेला, तेव्हा १६३५ मध्ये त्यांनी थेट संघाकडे दाद मागितली.

नाव कसे पुसले गेले?
१६३६ मध्ये चित्रकार यान मोलेनार यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतरची त्यांची फारच थोडी चित्रे ज्ञात आहेत. १६६० मध्ये त्यांचे निधन झाले. पतीच्या मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या यादीत काही चित्रांपुढे त्यांचे नाव नव्हते. मृताची पत्नी एवढीच नोंद होती. शैली हाल्स यांच्या जवळची असल्याने व्यापाऱ्यांचे फावले. हाल्स यांच्या नावाला भाव होता.

सत्य कसे उघड झाले?
हाल्स यांचे म्हणून विकले गेलेले एक चित्र इंग्लंडमध्ये कोर्टकज्जात अडकले. हाल्स यांच्या बनावट सहीखाली लायस्टर यांची ताऱ्याची सही सापडली. एका मोठ्या चित्रकर्तीचा शोध लागला होता. वाद मात्र खरेदीदाराचे नुकसान कोणी भरायचे यावर चालला आणि चित्राची किंमत कमी झाली. १८९३ मध्ये कला अभ्यासक हॉफस्टेडे द ग्रोट यांनी त्यांची सात चित्रे ओळखून प्रसिद्ध केली. ते वादातले चित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

याचे महत्त्व काय?
चित्रातील एकही रेष बदलली नव्हती. बदलले ते फक्त नाव, आणि मोल घसरले. स्त्री कलाकारांबाबतचा भेदभाव केवळ प्रवेश नाकारण्यात नसतो, तो नोंदींत आणि बाजारभावातही असतो. लायस्टर यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन हार्लेममध्ये भरायला १९९३ साल उजाडले. ते भरले फ्रान्स हाल्स यांच्याच नावाच्या संग्रहालयात.