नेव्हिल डिसूझा

नेव्हिल स्टीफन डिसूझा (जन्म : ३ डिसेंबर १९३२, आसगाव, गोवा, मृत्यू : १७ मार्च १९८०) हे भारतीय फुटबॉलपटू होते. आघाडीच्या फळीत खेळणाऱ्या डिसूझा यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक साधणारे ते पहिले आशियाई खेळाडू मानले जातात.

पार्श्वभूमी

बार्देश तालुक्यातील आसगाव हे त्यांचे जन्मगाव. गोवा डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होता. त्यामुळे डिसूझा भारताच्या संघातून मेलबर्नला गेले, तेव्हा त्यांचे जन्मस्थान भारताचा भाग नव्हते. त्यांचे बंधू डेरिक हेही भारताकडून खेळले.

मुंबईतील कारकीर्द

त्या काळी भारतात फुटबॉलपटूंचे व्यावसायिक संघ नव्हते. मुंबईत कंपन्या आपापले संघ बाळगत आणि कूपरेज मैदानावरील सामने हा शहराच्या जीवनाचा भाग होता. डिसूझा टाटा आणि कॅल्टेक्स या संघांकडून खेळले. १८९१ मध्ये मुंबईत सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा कॅल्टेक्सने १९५८ मध्ये जिंकली. संतोष चषक स्पर्धेत डिसूझा यांनी मुंबईचे प्रतिनिधित्व केले.

मेलबर्न ऑलिंपिक, १९५६

प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखालील या संघाचे कर्णधार समर बॅनर्जी होते. पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी पडायची होती. मात्र हंगेरीतील उठाव सोव्हिएत सैन्याने चिरडला आणि त्या देशाच्या फुटबॉल संघाने माघार घेतली. भारताला न खेळताच पुढची फेरी मिळाली.

१ डिसेंबर रोजी उपांत्यपूर्व फेरीत समोर यजमान ऑस्ट्रेलिया होता. डिसूझा यांनी नवव्या, तेहतिसाव्या आणि पन्नासाव्या मिनिटाला गोल केले. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरो यांनी मध्यंतरापूर्वी दोनदा बरोबरी साधली होती. तिसऱ्या गोलनंतर मात्र यजमानांना परत येता आले नाही. कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांच्या चौथ्या गोलने भारताचा ४-२ असा विजय निश्चित झाला. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा भारत हा पहिला आशियाई देश ठरला.

उपांत्य सामन्यात बलाढ्य युगोस्लाव्हियाविरुद्ध मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा होता. बावन्नाव्या मिनिटाला डिसूझा यांनीच भारताला आघाडी मिळवून दिली. अंतिम फेरीचे दार क्षणभर उघडले होते, पण ही आघाडी दोनच मिनिटे टिकली. युगोस्लाव्हियाने तीन गोल केले, शिवाय एक स्वयंगोल झाला आणि भारत १-४ असा हरला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने भारताला ३-० असे नमवले. चौथे स्थान ही ऑलिंपिक फुटबॉलमधील भारताची आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे. वैयक्तिक चार गोलांसह डिसूझा स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्तपणे पहिले होते. युगोस्लाव्हियाचे तोडोर वेसेलिनोविच व बल्गेरियाचे दिमितार मिलानोव्ह यांचेही तितकेच गोल होते.

उत्तरकाळ

१९६० च्या रोम ऑलिंपिकसाठीच्या भारतीय संघात डिसूझा नव्हते. १९६१ मध्ये सुरू झालेला अर्जुन पुरस्कार फुटबॉलसाठी प्रथम मिळाला तो मेलबर्नमधील त्यांचे सहकारी प्रदीपकुमार बॅनर्जी यांना. मेलबर्नच्या संघाची आठवण निघते तेव्हा बंगाल व हैदराबादच्या खेळाडूंचीच नावे अधिक घेतली जातात. गोलांच्या नोंदीत मात्र डिसूझा यांचे नाव सर्वांत वर आहे. वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.