चामड्याचा चेंडू : रेव्ह. टिंडेल-बिस्को ह्यांचें चरित्र

मिशन शाळांच्या इतिहासांत खेळाच्या मैदानास मानाचें पान क्वचितच मिळतें. धडे, परीक्षा व बक्षिसें ह्यांचीच गणना होते. परंतु काश्मीरचे रेव्ह. सेसिल अर्ल टिंडेल-बिस्को ह्यांचें चरित्र सांगावयास घेतलें म्हणजे एका चामड्याच्या चेंडूस टाळून पुढें जातां येत नाहीं.

त्यांचा जन्म 1863 सालीं इंग्लंडांत ऑक्सफर्डशायर परगण्यांतील होल्टन येथें झाला. अंगानें ते लहानखुरे होते व पुस्तकी विद्येंत त्यांची गति बेताचीच होती. केंब्रिज येथील जीझस कॉलेजांत असतां मात्र 1884 सालच्या ऑक्सफर्डविरुद्ध नावांच्या शर्यतींत केंब्रिजच्या नावेचें सुकाणूं त्यांच्या हातीं होतें, आणि ती शर्यत केंब्रिजनें जिंकली. पुढें दीक्षा घेऊन त्यांनीं लंडनच्या पूर्व भागांतील गरिबांच्या वस्तींत सेवा केली. 1890 सालीं चर्च मिशनरी सोसायटीनें त्यांस श्रीनगरच्या शाळेवर पाठविलें, व तें काम त्यांनीं 1947 पर्यंत सोडलें नाहीं.

शाळेंत त्या वेळीं बहुतेक मुलें पंडितांचीं, म्हणजे काश्मिरी ब्राह्मणांचीं होतीं. कित्येकांचीं लग्नें झालेलीं, कित्येकांस दाढी फुटलेली. पायघोळ फेरन अंगांत, त्याच्या आंत ऊब घेण्याकरितां निखाऱ्यांची कांगडी, पायांत लांकडी खडावा. अंगमेहनत हें हलक्या जातीचें काम. वल्हें मारावें तें हांजी नावाड्यानें, अशी त्यांची समजूत होती. साहेबांस हें पाहून विस्मय वाटला. आमच्या वाचकांस कदाचित् तितका वाटणार नाहीं.

1891 सालीं ब्लांश बर्जेस ह्यांच्याशीं विवाह करून साहेब श्रीनगरास परत आले, तेव्हां त्यांच्याबरोबर फुटबॉल होता. त्यांनीं तो मुलांस दाखविला. ही वस्तु कशाची, हें मुलांनीं विचारिलें, व चामड्याची असें कळतांच त्यांनीं तिला शिवण्याचें साफ नाकारिलें. त्याच दिवशीं साहेबांनीं शिक्षकांच्या हातीं काठ्या दिल्या आणि सर्व मुलांस रस्त्यानें मैदानावर चालवीत नेलें. शिक्षकही ब्राह्मणच होते. त्यांच्या जिवाचें काय झालें असेल तें असो. नगरवासीयांची गर्दी जमली. साहेबांनीं दोन बाजू पाडिल्या, खेळ कसा तें समजाविलें, व थोडक्या मिनिटांची मुदत दिली. मुदत सरली, काठ्या पुढें सरसावल्या, आणि चेंडूस पहिली लाथ बसली. मग खडावा उडाल्या, फेरनें एकमेकांत गुंतलीं, एकच गोंधळ झाला. इतक्यांत चेंडू उडून एका मुलाच्या तोंडास लागला. तो बाटला. तो रडूं लागला, त्याचे सोबतीही रडूं लागले. साहेबांनीं त्यास जवळच्या पाण्यावर नेऊन धुवावयास सांगितलें. त्यास धुऊन आणिलें, व खेळ पुन्हा सुरू झाला.

ही गोष्ट पुष्कळ ठिकाणीं हंसण्यासाठीं सांगतात. आम्हांस तिच्यांत हंसण्याबरोबर दुसरेंही कांहीं दिसतें. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या वाडवडिलांनीं चामडें कमाविलें आहे, किंवा गांवचीं मेलेलीं ढोरें ओढिलीं आहेत. त्या मुलाच्या तोंडास क्षणभर लागलेल्या वस्तूमुळें ज्यांस जन्मभर वेशीबाहेर राहावें लागलें, त्यांस विटाळ धुण्यासाठीं कोणी पाण्यावर नेलें नाहीं. उलट पाणवठाच बंद केला. म्हणून तो चेंडू मैदानांत आला हें बरेंच झालें. तथापि काठीचा धाक आम्हांस मान्य नाहीं. परकी सत्तेचें पाठबळ असलेल्या माणसानें मुलांच्या मनाविरुद्ध त्यांचा आचार मोडावा, हें सुवार्तेच्या रीतीशीं जुळत नाहीं. साहेबांच्या पुस्तकांत काश्मिरी लोकांविषयीं तुच्छतेचा सूर पुष्कळदां येतो, तोही आम्हांस खटकतो. त्यांचें काम मोठें होतें, आणि हा दोषही लहान नव्हता.

पुढें तींच मुलें फुटबॉलच्या नादीं लागलीं. साहेबांनीं त्यांस पोहावयास, नाव वल्हवावयास, डोंगर चढावयास लाविलें. ठराविक वयापर्यंत पोहतां न आल्यास फी वाढे. तेव्हां खर्चाच्या भीतीनें आईबापच मुलांस पाण्यांत धाडीत! झेलमच्या कांठीं वसलेल्या शहरांत ही विद्या चैनीची नव्हती. शाळेच्या मुलांनीं बुडणाऱ्यांस बाहेर काढिलें, आग विझविली, पुरांत अडकलेल्यांस नावेंतून आणिलें, गलिच्छ गल्ल्या झाडिल्या, दवाखान्यांतील रोग्यांस सरोवरावर हवा खावयास नेलें. ज्या वल्ह्यास हात लावणें हलकें मानीत, तेंच वल्हें शाळेच्या चिन्हावर आलें. काश्मिरी वल्ह्याचें पातें हृदयाच्या आकाराचें असतें. वल्हें म्हणजे बळ, व तें हृदय म्हणजे दया, असा अर्थ मुलांस शिकवीत. गुणही पुस्तकी अभ्यासास सर्व देत नसत. बुद्धि, शरीर व वर्तन ह्या तिन्हींचे वेगळे गुण असत, आणि शेजाऱ्यास केलेली मदत त्यांत धरली जाई.

बाप्तिस्मे मात्र फारच थोडे झाले. ह्याबद्दल मिशनच्या मंडळींत कुरकुर होई, कारण अहवालांत लिहावयास आंकडा नसे. ज्या उपदेशक बंधूंस वर्षअखेरीस असाच कोरा रकाना भरावा लागला आहे, त्यांस तें दुःख ठाऊक आहे. साहेबांनीं आपली रीत बदलली नाहीं. ख्रिस्त कसा होता तें कृतीनें दिसावें, बाकीचें देवाकडे, असें त्यांचें मत होतें. विधवांच्या पुनर्विवाहासाठीं व मुलींच्या शिक्षणासाठीं ते झटले. 1912 सालीं मिशनची मुलींची शाळा सुरू झाली. ती पुढें मिस मॅलिन्सन ह्यांच्या नांवानें प्रसिद्धीस आली.

1947 सालीं ते काश्मीर सोडून आफ्रिकेंत गेले, आणि 1949 सालीं ऱ्होडेशियांतील सॉल्सबरी येथें, ज्यास आतां हरारे म्हणतात, निवर्तले. त्यांचें आत्मचरित्र 1951 सालीं छापून निघालें. श्रीनगरांतील शेख बागेंत त्यांच्या नांवाची शाळा आजही चालू आहे. खोऱ्यांत फुटबॉल इतका रुजला कीं, 2016 सालीं श्रीनगरांत स्थापन झालेला रिअल काश्मीर हा संघ 2018 सालीं दुसरी श्रेणी जिंकून देशाच्या आय-लीग स्पर्धेंत गेला.