फेलिक्स ब्लॉख

फेलिक्स ब्लॉख (२३ ऑक्टोबर १९०५, झुरिक – १० सप्टेंबर १९८३, झुरिक) हे स्विस-अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होते. अणुकेंद्रांच्या चुंबकत्वाचे अचूक मापन करणाऱ्या पद्धतींसाठी त्यांना १९५२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक एडवर्ड पर्सेल यांच्यासमवेत विभागून मिळाले. एमआरआय तपासणीचा सैद्धांतिक पाया त्यांच्या समीकरणांवर उभा आहे.

जीवन

ब्लॉख यांचा जन्म ज्यू कुटुंबात झाला. झुरिक येथे अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू केल्यावर ते भौतिकशास्त्राकडे वळले. १९२८ मध्ये त्यांनी लाइपझिग येथे वेर्नर हायझेनबर्ग यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यानंतर त्यांनी जर्मनी सोडली आणि १९३४ मध्ये ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात रुजू झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी रडारविरोधी तंत्रावर काम केले. १९५४-५५ मध्ये ते सर्न या संस्थेचे पहिले महासंचालक होते.

संशोधन

१९४६ मध्ये ब्लॉख, विल्यम हॅन्सन आणि मार्टिन पॅकार्ड यांनी पाण्यातील प्रोटॉनांचा चुंबकीय संकेत तारेच्या वेटोळ्यात नोंदवला. पर्सेल यांच्या गटाने हार्वर्ड येथे हाच परिणाम स्वतंत्रपणे शोधला होता. ब्लॉख यांच्या समीकरणांत दोन काल येतात : क्षेत्राच्या दिशेतील चुंबकन पूर्ववत होण्याचा टी१ आणि त्याला लंब दिशेतील चुंबकन ओसरण्याचा टी२. शुद्ध पाण्याचा टी१ काही सेकंदांचा असतो. तो कमी करण्यासाठी या गटाने पाण्यात फेरिक नायट्रेट हे समचुंबकीय लवण मिसळले.

वैद्यकातील उपयोग

एमआरआयमधील कॉन्ट्रास्ट द्रव्यांचे कार्य याच तत्त्वावर चालते. गॅडोलिनियमच्या आयनात सात अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्या सान्निध्यात पाण्यातील प्रोटॉनांचा टी१ घटतो. त्यामुळे टी१-भारित प्रतिमेत, जेथे द्रव्य पोहोचते तो भाग अधिक उजळ दिसतो. मात्र हे द्रव्य टी२ देखील कमी करते. संहती फार वाढल्यास हा दुसरा परिणाम वरचढ ठरतो आणि संकेत उलट क्षीण होतो. म्हणून द्रव्य अधिक म्हणजे प्रतिमा अधिक उजळ, असे नेहमीच घडत नाही. मुक्त गॅडोलिनियम आयन विषारी असल्याने तो सेंद्रिय रेणूत घट्ट बांधूनच शिरेवाटे दिला जातो. अशा पहिल्या द्रव्याला अमेरिकेत १९८८ मध्ये, म्हणजे ब्लॉख यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी, मान्यता मिळाली.